दुसरी काही गोळी चालू आहे का?

नाही, नाही, उठू नका, बसा — भरदुपारी मेडिकल बंद करून आलात तुम्ही, आणि मी साधं बसासुद्धा म्हणू नये? आत धाकटा भाऊ आहे माझा. कालपासून डोळे उघडलेले नाहीत. छातीला वायरी, वर पडद्यावर रेघ — मधेच ती वेडीवाकडी होते, नर्स धावतात, मी भिंतीकडे तोंड करते. दुसरं काय करणार?

तुम्ही विचारलं होतंत. आठवतंय मला. खोकल्याची चिठ्ठी हातात घेऊन — ताई, यांना दुसरी काही गोळी चालू आहे का? आणि मी म्हटलं, छे! का म्हटलं? मागे मुलीची मावशी उभी होती ना. याच्यासाठी बघत होतो ती मुलगी. तिच्यादेखत सांगू, की हा अकरा वर्षं मनाची गोळी घेतो म्हणून? घेतो म्हणून तर शाळेत गणित शिकवतो, माझ्या नकला करून घर हसवतो...

डॉक्टर म्हणाले, दर ठोक्यानंतर हृदय सावरतं, पुढच्या ठोक्याला तयार होतं. मनाची आणि खोकल्याची, दोन्ही गोळ्या ते सावरणं लांबवतात. एकेकटी चालली असती, दोन्ही मिळून नडल्या. पण तेवढ्यानं सगळेच पडत नाहीत म्हणे. माणसाला धक्का बसला, की मेंदूतली रसायनं खवळतात, हृदयाला हुकूम सुटतो, पळ! — आणि न सावरलेलं हृदय अडखळतं. मला विचारलं, काही धक्का बसला होता का?

काय सांगू? पाहुणे यायला अर्धा तास, आणि हा शर्टाला इस्त्री करता करता म्हणतो, ताई, मी मुलीला गोळीचं सांगणार. मी ओरडले. म्हटलं, वेडा आहेस का? — अकरा वर्षं तो शब्द घरात नव्हता हो. गमतीतसुद्धा नाही. तो बघतच राहिला माझ्याकडे. मग कोसळला.

आणि डॉक्टरांना मी — असं बघू नका — मेडिकलवाल्यानं काही विचारलंच नाही, असं सांगितलं. लिहून घेतलं त्यांनी. म्हणून मीच बोलावलंय तुम्हाला. खरं सांगायला सकाळी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले, जीभच वळेना.

ते बघा, आलेच. तुम्हीच बोला. नाही — तुम्ही जा, मी सांगते. सांगते म्हटलं ना! जा... डॉक्टर, हे — यांनी —