जगूतात्यांचं ड्रोन हरवेना!

मंडळी, देवासमोर हात जोडल्यावर आपण काय मागतो? "देवा, हरवलेलं सापडू दे!" बरोबर? पैंजण सापडू दे, शेळी सापडू दे, मुलाला बायको सापडू दे — हो, तीसुद्धा! पण "आई, माझी स्वतःची वस्तू हरवू दे, कुणालाही सापडू देऊ नकोस," असा नवस बोलणारा माणूस पाहिलाय कुणी? नाही ना? मी दाखवतो आज!

आणि जाताजाता एक प्रश्न मनात धरून ठेवा. "हरवलं" म्हणायला आपली जीभ अडत नाही. "मोडलं" म्हणायला मात्र अडते. का हो? विचार करा. पेटीवाले बुवा, तुम्हीही करा, नुसता भाता ओढू नका!

तर ऐका! हिंगणमाळ नावाचं गाव. चहूबाजूंनी ऊस, मधे वाघजाईचं देऊळ, देवळावर भोंगा आणि भोंग्याखाली जगूतात्या मुळीक! यात्रा असो, सप्ताह असो, माईक तात्यांच्या हातात. "एक निळी चप्पल, डाव्या पायाची, सापडली आहे हो! उजव्या पायवाल्यानं येऊन घेऊन जावी!" गावात कुणाचं काही हरवलं की तात्यांनी पुकारायचं, आणि कुणाला काही सापडलं की त्यानं देवळाच्या कट्ट्यावर आणून ठेवायचं. मालकानं यायचं, खूण सांगायची, वस्तू घ्यायची. आणि — हे नीट ऐका — सापडवणाऱ्याच्या हातात सगळ्यांदेखत नारळ द्यायचा! पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्यामुळे हिंगणमाळमध्ये काही हरवत नसे. एकदा म्हाताऱ्या गणपाची कवळी हरवली, तीसुद्धा कट्ट्यावर आली. खूण काय सांगायची? गणपा तोंडात घालून हसला — पटली ओळख!

अशा जगूतात्यांना उतारवयात हौस लागली. कसली? पत्त्यांची? नाही! हरिनामाची? छे, ती तुम्हाला तरी कुठं लागलीय! तात्यांना लागली ड्रोनची हौस. मुलीनं पुण्याहून पाठवलं. चार पंखांचं, पोटाला डोळा लावलेलं. तात्या रोज सकाळी गच्चीवर जाऊन ते उडवायचे आणि मोबाईलमध्ये गाव बघायचे. ज्या गावात जन्म काढला ते गाव वरून बघून तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं हो! बायकोला, म्हणजे इंदूकाकींना, हाक मारून म्हणाले, "बघ, बघ, आपलं घर किती छान दिसतंय!" इंदूकाकी म्हणाल्या, "पत्रा गळतोय तो दिसतोय का त्यात?"

तर एवढी जीव की प्राण वस्तू! तिचा विमा नको? तालुक्याहून एजंट आला, इंगवले. चहा झाला, चिवडा झाला, मग इंगवल्यांनी घसा साफ केला.

"तात्या, तीन प्रकार आहेत बघा. पहिला मोडतोडीचा. पडलं, आपटलं, झाडात अडकून पंखा तुटला, तर भरपाई. दुसरा हरवल्याचा. उडून गेलं, परत आलंच नाही, चोरीला गेलं, तर भरपाई. तिसरा — तुमचं ड्रोन कुणाच्या डोक्यात पडलं, तर त्या डोक्याची भरपाई."

"आणि वीज पडली, वावटळ आली तर?"

"त्याला आम्ही दैवी आपत्ती म्हणतो."

बघा मंडळी! पाऊस वेळेवर आला तर हवामान खात्याची कृपा, वीज पडली तर दैवी! विमावाल्यांना देव आठवतो तो फक्त नुकसानीला! आपलं तरी दुसरं काय आहे म्हणा.

इंगवले म्हणाले, "माझं ऐका, तिन्ही घ्या." तात्यांनी स्वयंपाकघराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "तिन्ही घेतले तर ही मला घरात घ्यायची नाही. एकच सांगा."

"एकच घ्यायचा तर मोडतोडीचा घ्या. हौशी माणसाचं ड्रोन पडतंच."

झालं! तात्यांचा स्वाभिमान दुखावला. "माझं पडतंय होय? इतक्या वर्षांत हातातला माईक कधी पडला नाही माझ्या! हरवल्याचा लिहा."

का बरं? कारण तात्या जन्मभर त्या भोंग्याखाली बसलेले! दिवसरात्र कानावर काय? हे हरवलं, ते हरवलं, पोर हरवलं, पाकीट हरवलं. ज्याच्या कानावर जे सतत पडतं, त्याला त्याचीच धास्ती बसते. आतून इंदूकाकी ओरडल्या, "अहो, आपल्या गावात हरवतंय काय? सगळं परत येतंय! मोडतं मात्र रोज. कालच तुमच्या हातनं कपबशी मोडली!" शहाणी बाई! पण नवऱ्यानं विमा काढताना बायकोचं ऐकलंय असं कधी ऐकलंत? समोरच्या काकू मान हलवतायत बघा. काका, खाली बघू नका!

इंगवल्यांनी जाताना बजावलं, "हरवलं तर गावात जाहीर करायचं, शोध घ्यायचा. नाहीच सापडलं तर सरपंचांचा दाखला आणा. पैसे मिळतील." तात्या हसले. जाहीर करणं तर घरचंच काम!

मग आला दसरा. दसऱ्याला आपण काय करतो? हत्यारांची पूजा! गवंड्याची थापी, शिंप्याचं यंत्र, पोरांच्या मोटारसायकली. इंदूकाकींनी ड्रोन पाटावर मांडलं. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि झेंडूची भरगच्च माळ चारही पंखांना वेढा देऊन घातली. तात्या म्हणाले, "अगं, उडवायच्या वेळी काढायला लागेल ती." इंदूकाकींनी डोळे वटारले, "पूजेची माळ त्याच दिवशी काढतात होय? गाड्या नाही फिरत दिवसभर माळा घालून?"

आता सांगा, काय बोलायचं यावर? गाडीची चाकं खाली असतात आणि माळ वर असते, हे दसऱ्याच्या दिवशी बायकोला समजावून सांगणारा वीर अजून जन्माला यायचाय! तात्यांनी माळ जरा सैल केली आणि तेच ड्रोन घेऊन देवळापुढं आले.

पालखी निघाली! ढोल, हलगी, गुलाल! तात्यांनी ड्रोन सोडलं. गेलं की हो वर — घुंऽऽऽ! नेमकं पालखीच्या डोक्यावर आलं आणि माळेचा दोरा पंख्यात गुंतला. मग काय? पंखा फिरतोय, झेंडू पिंजला जातोय आणि पाकळ्या झरझर झरझर पालखीवर!

"आई गं! पुष्पवृष्टी!"

सगळं गाव गहिवरलं. "वाघजाईच्या नावानं चांगभलं!" अहो, सगळ्यांनी डोळे मिटले, हात जोडले, बायकांनी जमिनीला डोकं टेकवलं. आणि एवढी सगळी भक्ती चालू असताना ते ड्रोन दारू प्यायल्यासारखं डुलत डुलत देवळामागं गेलं, दगडी भिंतीवर आपटलं आणि धाडकन खाली! ढोलात आवाज बुडाला. बघितलं कुणी? कुणीच नाही! भक्तीचा एवढा फायदा मी तरी दुसरीकडं पाहिला नाही.

तात्या धावत देवळामागं गेले. ड्रोनचे हातपाय मोडलेले, पोटाचा डोळा निखळून वायरीला लोंबतोय. तात्यांना रडूच फुटलं. मग आठवला विमा. मोडल्याचा नाही — हरवल्याचा! आणि मंडळी, इथं माणसाच्या मनात कली शिरतो. तात्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मोडलेलं आहे, पण कुणाला माहीत आहे? हरवलं म्हटलं की झालं! उपरण्यात गुंडाळलं, शेजारच्या उसात शिरले, आत आत गेले आणि भिरकावून दिलं.

परत येऊन गाभाऱ्यात नारळ ठेवला. "आई, जन्मभर दुसऱ्यांचं सापडू दे म्हणून पुकारलं. आज एवढं माझं हरवू दे. सापडू देऊ नकोस गं!"

बोलून झालं आणि तात्यांना देवीच्या तोंडाकडं बघवेना.

मग माईक हातात घेतला. "ऐका हो... माझं ड्रोन... हरवलं आहे. देवळावरून उडालं, परत आलं नाही. कुणाला दिसलं असल्यास..." पुढचं वाक्य जन्मभर सवयीचं होतं, ते आपोआप तोंडातून निघून गेलं, "...कट्ट्यावर आणून द्यावे!"

तात्यांना वाटलं होतं, सणाचा दिवस, लोक पुरणपोळीवर असतील, कोण उठतंय? अहो, अख्खं गाव उठलं! ज्यानं आपलं सगळं शोधून दिलं, त्याचं हरवलं! कुणाच्या पोळीवर तूप तसंच, कुणाची आमटी ताटात तशीच. गणपा म्हातारा कवळी खिशात घालून निघाला! कोण विहिरीत वाकतंय, कोण गच्चीवर चढतंय, बाकी सगळे उसात. सरपंच तात्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तात्या, काळजी नको. दाखल्याची वेळच येऊ द्यायची नाही आपण!"

तात्या घरी जेवायला बसले, घास उतरेना. इंदूकाकी म्हणाल्या, "एवढं काय मनाला लावून घेताय? सापडेल. आपल्या गावात हरवतंय का काही?"

ऊन कलायला लागलं आणि देवळाकडून आरोळी आली — "सापडलंऽऽऽ!"

तात्या कट्ट्यावर आले तर मधोमध ते मोडकं ड्रोन, आणि शेजारी बसलेली तानूबाई. मजूर बाई, नातीला घेऊन एकटी राहणारी. गेल्या यात्रेत तिची नात गर्दीत चुकली होती, तेव्हा ती सापडेपर्यंत तात्या माईक सोडून उठले नव्हते, पाणी प्यायलासुद्धा. तानूबाईचे दोन्ही हात उसाच्या पात्यांनी ओरबाडलेले. रक्ताच्या बारीक रेघा. पण तोंडभर हसू!

"तात्या, लई आत पडलं हुतं बघा! तुमचं हरवलंय म्हनल्यावर मला घरात बसवंना. मोडलंय जरा. पर घावलं न्हवं?"

आणि जगूतात्या काय म्हणाले? मंडळी, माणूस किती खाली जातो बघा. तात्या म्हणाले, "हे... हे माझं नव्हे."

अहो, पंखाला अजून झेंडू अडकलेला. कुंकू तसंच. आणि पोटाखाली इंदूकाकींनी चिकटवलेली पट्टी — जगन्नाथ मुळीक, हिंगणमाळ!

सरपंच बिचारे सरळ माणूस. म्हणाले, "तात्या, तुमचं नव्हे तर मग रीतीप्रमाणं पुकारा. ज्याचं असेल तो येईल."

आली का पंचाईत! तात्यांनी माईक घेतला. "ऐका हो... एक ड्रोन सापडलं आहे. ज्याचं असेल त्यानं... खूण सांगून घेऊन जावे." भोंग्यातून आवाज उसावरून गेला, ओढ्यावरून गेला, परत आला. कोण येणार हो? अख्ख्या पंचक्रोशीत ड्रोन एकच! पोरं फिदीफिदी हसायला लागली. बायकांनी पदर तोंडाला लावले. एकटी तानूबाई हसली नाही. ती काळजीनं म्हणाली, "तात्या, नीट बघा की. तुमचंच दिसतंय. मालक न्हाई म्हनला तर कुनाचं म्हनायचं ह्याला?"

तात्यांनी त्या बाईच्या हातांकडं बघितलं. आणि मग त्यांना राहवलं नाही. माईक बंद करायचंही भान राहिलं नाही. सगळ्या गावात ऐकू गेलं —

"माझंच आहे गं बाई! हरवलं नव्हतं. मोडलं होतं. मीच नेऊन टाकलं उसात."

तात्या मान खाली घालून उभे. आता गाव काय बोलणार? सरपंच काय म्हणणार? माईक काढून घेणार? कुणी काही बोलायच्या आत तानूबाई उठली. कमरेवर हात ठेवले. काय म्हणाली असेल? "तात्या, असं कसं केलंत"? "तुमच्याकडनं ही अपेक्षा नव्हती"? छे! एवढं भाषण करायला ती काय कीर्तनकार होती?

म्हणाली, "मोडलं का हरवलं ते तुमचं तुम्ही बघा. सापडवलं मी! माझा नारळ कुठाय?"

गाव असं हसलं, असं हसलं, की गणपाची कवळी पुन्हा हरवली! आणि जगूतात्या? हसता हसता रडले हो. गाभाऱ्यात गेले. हरवू दे म्हणून ठेवलेला तो नारळ तिथंच होता. तोच उचलला, देवीची माफी मागितली आणि सगळ्यांदेखत दोन्ही हातांनी तानूबाईच्या ओंजळीत ठेवला. देवीनं नवस पुरवला नाही, नारळ मात्र बरोबर जागी पोचवला!

पुढं? ड्रोन मोडकं ते मोडकंच राहिलं. विमा मिळाला नाही. इंदूकाकींनी ते फडताळात कपबशीच्या तुकड्यांशेजारी ठेवलं, रोज दिसावं म्हणून! माईक मात्र तात्यांकडंच राहिला. गाव म्हणालं, मोडलेलं मोडलं म्हणून सगळ्यांना ऐकवणारा दुसरा आणायचा कुठून?

गोष्ट संपली. आता तुमच्याकडं वळतो, उठू नका, प्रसाद पळून जात नाही!

ड्रोन तुमच्याकडं नसेल. पण भाऊ आहे की नाही? "आमचा संबंध राहिला नाही हो आता." राहिला नाही, म्हणजे काय झालं? उडून गेला? परत आला नाही? "आमची मैत्री होती, कुठं गेली कळलंच नाही." तुम्हाला कळलं नाही? मंडळी, आपटलं तेव्हा आवाज झाला होता. तुम्ही ऐकला होता! उपरण्यात गुंडाळून, कुणी बघत नाही असं बघून, उसात टाकून आलात, आणि आता गावभर सांगताय — हरवलं! मोडलं म्हणायला जीभ का अडते? मोडलं म्हटलं की कुणी मोडलं, हा प्रश्न पुढं उभा राहतो, म्हणून!

कधीतरी एखादी तानूबाई येईल. बहीण असेल, शेजारी असेल, तुमचीच लेक असेल. हात ओरबाडून घेऊन, उसातून ते मोडकं काढून तुमच्यापुढं ठेवेल आणि हसून म्हणेल, "घावलं बघा!" तेव्हा "माझं नव्हे" म्हणू नका. तुमचं नाव आहे हो त्याच्यावर!

आज घरी जाताना वाटेत दुकान उघडं असेल. एक नारळ घेऊन जा. कुणाला द्यायचा, ते मी सांगायला नको.