आपली पत्रं आपल्या घरी

नाही, तुम्हीच सांगा, घरातला प्रिंटर कुणी हात न लावता छापायला लागला तर माणसाने काय समजायचं? बायको आतून म्हणते, "अहो, हा परत ओकतोय," आणि मी म्हणतोय, ओकू दे, मला मेल बघायचाय... त्या एका मेलसाठी तर सगळा खटाटोप!

म्हणजे असं, तुम्हाला सांगतो, बायकोच्या मानेला गाठ आली. डॉक्टरांनी तिचा तुकडा काढून तपासायला पाठवला. म्हणाले, रिपोर्ट मेलवर येईल. आता वाट बघण्याइतकं वाईट काम नाही. माणूस काय करणार? मी घरात मेल सर्व्हर बसवला! खरं सांगू? घाबरलो होतो. हाताला काम असलं की डोकं गप्प बसतं. पण वर तत्त्वाचा मुलामा दिला. म्हटलं, माझ्या बायकोच्या गाठीचा कागद कुठल्या परक्या कंपनीच्या कपाटात का पडावा? आपली पत्रं आपल्या घरी!

जुना लॅपटॉप काढला, चपलांच्या कपाटावर ठेवला, झालं पोस्ट ऑफिस. पण पत्रं आत येईनात. मेहुण्याला फोन लावला. तो ऑफिसांची नेटवर्कं सांभाळतो आणि बोलतो असा, की समोरचा जन्मापासूनच मंद. "भावजी, राउटर म्हणजे वॉचमन. अनोळखी माणसाला तो आत सोडत नाही. तुम्ही डीएमझेड लावा. म्हणजे त्याला सांगायचं, बाहेरून कोणीही आलं तरी या एका नंबरच्या खोलीत सोड, विचारत बसू नकोस. धोक्याचं आहे, पण तुम्ही थोडेच ऐकणार!" ऐकतोय कसला! लॅपटॉपचा नंबर टाकला, आणि पहिलं पत्र धाडकन आत. बायकोला नाचून दाखवलं मी. आपली पत्रं आपल्या घरी! ती म्हणाली, "छान. लॅबला कळवलात का हा पत्ता?" कळवला तर!

आणि मग... काही नाही. शुकशुकाट. रोज उघडतोय, पेटी रिकामी. आणि तुम्हाला सांगतो, मला बरं वाटायचं हो! काही आलं नाही तोवर काही झालेलं नाही, असा माझा हिशोब. प्रिंटर मात्र सुटलेला. एका पानावर एक ओळ, दुसऱ्यावर अर्धी, तिसऱ्यावर टकलावर केस उगवायची हमी. मी म्हटलं, म्हातारा झालाय, बरळतोय.

शेवटी लॅबमधल्या बाईंचा फोन. "सर, तुम्हाला पाठवलेला मेल परत येतोय. दुसरा आयडी नाही का, सगळ्यांचा असतो तसा?" सगळ्यांचा असतो तसा! पुन्हा मेहुणा. तो म्हणतो, "भावजी... नंबर कायम केला होतात ना?"

कायम? तर म्हणे, हे नंबर राउटर वाटतो, जो आधी उठेल त्याला आधी. मध्ये वीज गेली होती. आली तेव्हा माझा बॅटरी मेलेला लॅपटॉप कण्हत उठेपर्यंत प्रिंटरने त्याचा नंबर पटकावला. म्हणजे साऱ्या जगासाठी मी जे दार सताड उघडं टाकलं, ते थेट प्रिंटरच्या पोटात! जगातला प्रत्येक उडाणटप्पू येऊन छापून जातोय, आणि बायकोचा रिपोर्ट तेवढा दारातून परत. प्रिंटरला पत्र थोडंच कळतं?

घाईघाईने दुरुस्त करायला बसलो, तर बायको शेजारी येऊन बसली. "राहू द्या. मी तिथे माझाही मेल दिला होता, तो फुकटातला. रिपोर्ट केव्हाच आलाय." म्हटलं, मग? माझ्याकडे न बघता म्हणाली, "चांगला नाहीये. ऑपरेशन करायचंय. तुम्ही रोज रिकामी पेटी बघून इतके खूश व्हायचात... म्हटलं, होऊ दे अजून थोडे दिवस."

एकटीने वाचला हो तिने. याच घरात, त्या भिंतीपलीकडे बसून. मला रडू आलं, लपवत नाही. आपली पत्रं आपल्या घरी, आणि घरातली बातमी मलाच नाही!

"उद्या भरती व्हायचंय," ती म्हणाली, "तिथे रिपोर्ट कागदावर मागतात. तेवढा छापून द्या."

तेवढा तर तेवढा. आणखी काय येतंय मला? रिपोर्ट उघडला, वाचला नाही, बटण दाबलं. प्रिंटर घरघरला, थांबला...

शाई संपली म्हणतोय.