प्रयोगशाळेकडं जाणारं पोर्ट

सन्माननीय अध्यक्ष विश्वजित सर, व्यासपीठावरचे प्राचार्य राजेंद्र सर, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती कडुबाकाका गायके, पहिल्या रांगेत संकोचून बसलेल्या त्यांच्या पत्नी साळूबाई काकू, आणि जेवणाचा वास आल्यापासून घड्याळाकडं बघणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो, सर्वांना नमस्कार.

मी तनुजा. आपल्या महाविद्यालयाच्या संगणक विभागात तीन वर्षं काकांच्या हाताखाली काम करते आहे. मला पाच मिनिटं दिली आहेत. ज्या माणसानं एका वायरला खूण कशी करायची हे सांगायलाच मला अर्धा तास घेतला, त्यांच्याविषयी पाच मिनिटांत काय बोलणार?

सर्व्हर रूममध्ये कधी डोकावलात का? काका गुलमंडीच्या बाजारातून घरी आणलेल्या लोकरीतला दोरा प्रत्येक वायरला बांधायचे. ऑफिसला लाल, प्रयोगशाळेला हिरवा, ग्रंथालयाला पिवळा. सगळ्या वायरी जोडायची पेटी, म्हणजे स्विच, एकच, पण त्यात संगणकांची ही तीन जाळी वेगवेगळी. एकातलं दुसऱ्याला दिसत नाही. स्विचच्या साध्या खाचेतल्या, म्हणजे पोर्टच्या, वायरीला एकच दोरा, आणि पलीकडच्या इमारतीत जाणाऱ्या वायरीला मात्र तिन्ही! मी हसले, तर म्हणाले, "हसू नका मॅडम. ह्याला ट्रंक म्हणत्यात. ह्या एकाच वायरीतून तिन्ही जाळ्यांचा माल जातो, परत्येकावर आपापला नंबर. कोणते नंबर सोडायचे त्याची यादी पोर्टाला द्यावी लागती. यादीत नाय, त्याला वाट नाय."

चार वर्षं डिग्री करून जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते लोकरीनं शिरलं. साळूबाई काकू, तुमच्या स्वेटरची लोकर कुठं जात होती ते आता कळलं ना?

आता कार्यक्रमपत्रिकेत नसलेली एक गोष्ट सांगते. अध्यक्ष महोदयांची परवानगी गृहीत धरते.

मला नोकरीला लागून तिसरा आठवडा होता, प्रोबेशन चालू. सकाळी दहाला पलीकडच्या इमारतीतल्या आपल्या प्रयोगशाळेत बाहेरच्या एकशेऐंशी मुलांची ऑनलाइन परीक्षा. साडेनऊला मी नव्या वाचनकक्षासाठी चौथं जाळं, चाळीस नंबरचं, त्या ट्रंकवर टाकायला बसले. जुन्या यादीत चाळीस वाढवायचा होता. मी नवी यादीच लिहिली, त्यात एकटा चाळीस. स्विच मोठा आज्ञाधारक, त्यानं आधीच्या तिन्ही जाळ्यांचे नंबर, दहा, वीस, तीस, पुसून टाकले. चाळीस झकास चालू, पोर्टचा दिवा हिरवागार, आणि प्रयोगशाळेतल्या एकाही संगणकाला नेटवर्क नाही! कुणी म्हणालं, उंदरानं वायर कुरतडली. मी त्या उंदराचे मनातल्या मनात आभार मानले.

काका पुंडलिकनगरच्या घरून धावत आले, डोक्यावर हेल्मेट तसंच. स्क्रीन बघून हळूच म्हणाले, "वाढवायचं सोडून तुमी आख्खी यादीच पुसली की हो." त्यांनी चारही नंबर टाकले. परीक्षा वीस मिनिटं उशिरा सुरू झाली, पण सुरळीत पार पडली.

मग तेव्हाच्या संचालकांनी विचारलं, "कुणी केलं हे?" मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "म्या केलं, साहेब."

त्यांच्या सेवापुस्तकात शेरा पडला. त्या वर्षी त्यांना मिळायची बढती दुसऱ्याला गेली. जिन्यात मी रडायला लागले, तर म्हणाले, "तुमचं प्रोबेशन हाय. मला आता कोण काढतंय? चला, चहा पाजा."

मी चहा पाजला आणि तीन वर्षं गप्प बसले. मला त्याची फार लाज वाटते.

काका, मानेनं नको नको करू नका. मी खाली बसणार नाही.

प्राचार्य सर, हे माझं लेखी निवेदन. सोबत त्या सकाळची स्विचमधली नोंद जोडली आहे, त्यात लॉगिन माझं आहे. आज पाच वाजता काकांचं सेवापुस्तक बंद होईल, त्याआधी हा कागद त्यात लागावा, एवढीच विनंती.

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाला काही लागलं असेल, तर लहान समजून सोडून द्या. ती यादीची चूक तेवढी सोडू नका. ती माझ्या नावावर लिहा.