बटन मला दिसलं व्हतं

जलम माझा करावे गावचा, बा खाडीत मासं मारायचा, आनी मला दिली पन गावातच. मालकांचा लाउडस्पीकरचा धंदा, म्हनून माइक, वायरी, बटनं सगलं मला ठाऊक. आनी आईकडनं आली ती धवलारकी, म्हंजे लगनात हलदीपासून जी गानी म्हनायची ना, ते धवले. काय सांगू तुमाला, आमच्यात धवलारनीला मोठा मान. तर हे धवले मीच शिकवले माज्या बारक्या जावेला, हिराला, चुलीपुढं बसवून, एकेक कडवं. आनी आता लोक काय बोलतात, हिराबायला बोलवा, तिचा गला गोड. मग मी काय भांडी घासू? जलते मी. तोंडावर बोलते, जलते.

मागल्या साली कॉलेजातल्या एक बाई आल्या, अनघाताई, जुनी गानी भरून ठेवायला. कोनीतरी लगेच हिराचं नाव सांगितलं. आमच्या घरांमधी नुसती भिंत, मी पन जाऊन बसली. ताईंनी हिराच्या तोंडापुढं ह्यो एवढा भारीतला माइक उभा केला, त्याची जाड वायर रेकॉर्डरला लावली आनी रेकॉर्डर ठेवला खाटेवर, माज्या बाजूला. आता त्या रेकॉर्डरला सवताचे पन दोन बारके माइक असतात. बाहेरचा माइक लावला तर बटन तिकडं करावं लागतं, नायतर तो आपल्याच कानानं ऐकतो. ताईंनी बटन केलं नाय. हेडफोन पन घरी विसरलेल्या. मला दिसलं. तोंडाशी आलेलं मी गिललं, मनात बोल्ली, म्हन हिरा, म्हन आता किती म्हनायचं ते.

हिरानं अर्धा तास धवला म्हटला, डोले मिटून.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या त्या तोंड पाडून, ऐका बोल्ल्या, नि वाजवलं. हिरा कुठं तरी लांब, पंख्याची घरघर, आनी एकदम जवल मी, पुटपुटतेय. सूर बघ कसा मारते. दम नाय उरला. नाकातनं गाते भवानी. सगलं भरलेलं. ते बारके माइक माज्याच तोंडाशी व्हते, ते माज्या ध्यानातच नाय आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हिरा कान लावून ऐकत व्हती. मग एका जागी हात वर केला, ताई, इथं परत लावा. तिथं ती कडवं विसरलेली, गप झालेली, आनी मी हलूच पुढलं म्हनत व्हती, माझं मलाच ठाऊक नाय. हिरा बोल्ली, बाय, शिव्या देताना पन तू मला पडू दिली नाय.

मी रडली. मग ताईंना बाजूला केलं, बटन मी सवता केलं, तसला भारी माइक करंटाबिगर चालत नाय, म्हनून रेकॉर्डरमधनं त्याला करंट सोडला, आनी दोघी एका माइकपुढं बसलो.

आता ते गानं नात मोबाइलवर लावते. नाव दोघींचं हाय, पन आवाज हिराचाच पुढं येतो. माइक मीच जरा तिच्याकडं कलवला व्हता, त्याचं आता वाईट वाटतं. देव तिला उदंड आयुष्य देवो. माज्याहून एक दिस कमी देवो एवढंच, नायतर माज्या मागं सगले धवले तिचेच व्हतील.