चार वर्षं न नांगरलेलं रान

मीनाबाई : अवो, उठा की! वारं फिरलंय. गणपतरावांच्या फडातला धूर आपल्या रानाकडं याय लागलाय.

कृष्णात : उसाचं पाचट पेटवलं व्हय त्यांनी? सांजच्याला, वारं पडल्यावर पेटवतो म्हणालते मला.

मीनाबाई : भर दुपारचं पेटवलंय. बांधाच्या कडंला जाळ दिसतोय. आपलं पाचट तर सगळ्या रानभर पसरलंय, वाळून कडकडीत. एक ठिणगी पडली की झालं.

कृष्णात : मोटर चालू कर जा.

मीनाबाई : लाईट कुठं हाय? चारला येणार.

कृष्णात : मग दाताळं आण. बांधालगतचं पाचट मागं वढू. चार हात माती उघडी केली की जाळ पुढं येत न्हाय.

मीनाबाई : आपण दोघांनी? एवढ्या लांब बांधाला? दाताळं धरवंना.

कृष्णात : धर. वढ. तिकडं बघू नगंस.

मीनाबाई : नांगरून मोकळं ठिवलं असतं तर काय जळलं असतं? चार वर्सं गावातल्या बायका मला आळशाची बायको म्हणत्यात. ते सोसलं. पर हे न्हाय सोसायचं.

कृष्णात : चार वर्सांमागं ह्या रानात नुसती ढेकळं हुती, आठवतंय न्हवं? पाणी दिलं की वरच्या वर निघून जायचं. आता जुन्या उसाच्या मुळ्या जाग्यावर कुजत्यात, त्यावरच नवा ऊस वाढतो. उन्हाळ्यात दोन पाण्याच्या पाळ्या कमी लागल्या. ते का न्हाय सांगत बायकास्नी?

मीनाबाई : आला! आला बघा जाळ बांधावरनं! पिंपरणीच्या झाडाखालची कड पेटली!

कृष्णात : मागं सर! पदर सांभाळ!

गणपतराव : किस्नात! ए किस्नात! बाजूला व्हा दोघंबी! ट्रॅक्टरला नांगर जोडलेलाच हाय. तुझ्या रानातनं आडवा पट्टा काढतो, माती वर आली की जाळ थांबंल.

कृष्णात : न्हाय. नांगर आत आणायचा न्हाय, गणपतराव.

गणपतराव : खुळा का काय गा तू? समदं जळून जाईल!

कृष्णात : जळू दे वरचं. खालची माती उलटी केली की चार वर्सं गेली माझी. आम्ही हातानं वढतोय पाचट. वढ गं.

मीनाबाई : अवो... पलीकडं शालूबाईच्या उसात तोड चालू हाय.

कृष्णात : कवापासनं?

मीनाबाई : सकाळधरनं. मीच पाणी देऊन आले. बीडच्या बाया हाईत. लेकरं झोळीत घालून उसाच्या सावलीला झोपवल्यात, आपल्या पलीकडच्या बांधाला. आपलं रान पेटत गेलं तर सरळ त्यांच्या अंगावर जाईल जाळ.

कृष्णात : झोपवल्यात?

मीनाबाई : व्हय. बाया आत उसात. धूर त्यास्नी दिसायचाबी न्हाय.

कृष्णात : तू पळ. हाका मारत जा. सगळ्यास्नी वढ्यात उतरीव. माघारी येऊ नगंस.

मीनाबाई : आणि तुमी?

कृष्णात : पळ म्हणतो न्हवं! ...गणपतराव, घाला नांगर.

गणपतराव : कुठनं घालू?

कृष्णात : मधनं. ह्या हिरीपासनं थेट वढ्यापतोर. खोल घाला. मी फुडं पळत पाचट बाजूला करतो.

(तासाभरानं. जाळ नांगरलेल्या पट्ट्यापाशी थांबला आहे. अर्धं रान काळं पडलं आहे.)

कृष्णात : आलीस? माणसं?

मीनाबाई : सगळी वढ्यात हाईत. दोनदा मोजली मी. पहिल्यांदा एक लेकरू गावंनाच. जीव गेला माझा. आईच्या पाठीलाच बांधलेलं हुतं.

गणपतराव : चुकलं माझं. ट्रॅक्टर आजच मिळत हुता, म्हटलं दुपारीच उरकावं. शिव्या तरी दे.

कृष्णात : ती कड अजून धुमसतीय, माती टाका तिच्यावर.

गणपतराव : एक सांगू? नांगर घातला आणि मला वाटलं फाळच निखळला. ट्रॅक्टरनं आवाज केला न्हाय. माझ्या रानात नुसता बोंबलत जातो. मागं वळून बघितलं तर काळी मऊ माती, आणि नांगराच्या तासात गांडुळंच गांडुळं.

कृष्णात : ती उघडी पडलीत. ह्या उन्हात टिकायची न्हाईत.

गणपतराव : जळलेलं अर्धं मी आत्ताच नांगरून देतो. राखेत काय उगवणार?

कृष्णात : नगं. आता पुन्यांदा नांगर नगं.

गणपतराव : अरं, खालपतोर भाजलं असंल.

कृष्णात : असंल. हात घालून बघायचं भ्या वाटतंय मला. तुमी बघा.

गणपतराव : थांब. वर राख हाय, गरम. त्याखाली... किस्नात, गार हाय गा! वल हाय खाली!

कृष्णात : खरं सांगताय?

गणपतराव : आईशप्पत. ही बघ, बोटाला चिकटलीय. हात दे हिकडं, असा दे.

कृष्णात : ...व्हय. गार हाय.

गणपतराव : रडू नगंस गा.

कृष्णात : न्हाय. धूर गेलाय डोळ्यात. अगं, तू कुठं निघालीस पाचटाचा भारा उचलून? जरा बस की.

मीनाबाई : बसते. ही नांगरलेली माती उघडी पडलीय, तेवढी आधी झाकते.