चालती गाडी बंद पडली

नाशिकरोडच्या सर्व्हिस सेंटरमध्ये माझ्यापुढे एक सासू-सून स्कूटर घेऊन उभ्या होत्या. तिथला मेकॅनिक सासूला समजावत होता.

“मावशी, किल्लीच्या स्विचमध्ये फॉल्ट निघालाय. कंपनी सगळ्यांना फुकट बदलून देतेय.”

“त्या फॉल्टनं काय व्हतं?”

“चालती गाडी अचानक बंद पडू शकते.”

“पडू शकते? सायखेड्याच्या पुलावर पडली! मागून टेम्पोचा धक्का बसला, हिचा हात मोडला. तवा तुमीच म्हनले, बाईला गाडी चालवता येत नाय!”

“तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं.”

“हिनं सांगितलं व्हतं ना! छाया, बोल की!”

“आई, घरी पण सांगितलं होतं. तरी सहा महिने तुम्ही मला गाडीला हात लावू दिला नाही.”

“चारचौघं तेच म्हनत व्हते, बाई.”

“चारचौघं पुलावर नव्हते. तुम्ही माझ्या मागं बसल्या होत्या.”