डाव्या तोंडाची कणीक

मंडळी, जरा सावरून बसा, आता कथेत शिरायचं आहे. पण त्याआधी एक प्रश्न. एखाद्याला विद्या येत असते. शिकवणारा चांगला, शिकणारा मेहनती, हातात गुण — आणि तरी ऐन वेळी ते बाहेर येत नाही. का? कोण आडवं येतं?

कुणी म्हणेल आळस, कुणी म्हणेल भीती. मागून एक काका पुटपुटले, ‘शेजारी’ — ऐकलं मी, काका. ही सगळी नावं खरी. पण हे सगळे शत्रूच्या वेषात येतात, त्यांना ओळखता येतं. मला कुतूहल आहे ते निराळ्याच एकाचं. जे आडवं येतं, आणि आपण त्यालाच रोज हात जोडतो! असं असतं का काही? बघू या.

कोकणात खाडीकाठी खारवळी नावाचं गाव. गावात लक्ष्मीनारायणाचं देऊळ, आणि देवळात पखवाज वाजवायचा मान मेस्त्रींच्या घराकडे. अनंत मेस्त्री दिवसा रंधा मारायचे, संध्याकाळी पखवाज. मुलगी एकच, शेवंती. लोक म्हणाले, “अनंता, आता मान बुडाला.” मेस्त्री म्हणाले, “का? हिला दोन हात आहेत की.” आणि लहानपणापासून तिला समोर बसवून शिकवलं. पोरीचा हात असा तयार झाला, की भिंतीपलीकडून ऐकणाऱ्याला बाप कोण, लेक कोण, कळू नये.

आता पखवाजाची एक गंमत सांगते. त्याला दोन तोंडं. उजव्या तोंडावर काळी शाई, ती कायमची. डाव्या तोंडावर मात्र ओल्या कणकेचा गोळा थापायचा — दर वेळी ताजा. रघुनाथराव, वाजवा जरा डावं तोंड. ऐकलंत? हा घुमारा कणकेचा आहे, मंडळी. आपण तिची पोळी करतो आणि गप्प बसतो. वाजवून झालं की ती खरवडून टाकायची. राहिली तर वाळते, दगड होते, कातडं धरते.

मेस्त्रींच्या घरी रोज तांदळाची भाकरी. गहू यायचा तो पखवाजापुरता. वाजवायला निघाले की मेस्त्री बायकोला हाक द्यायचे, “भागीरथी, गोळा दे गो.” गोळा थापायचा, आणि शेवटी मधोमध अंगठा दाबून ओल बघायची — ही त्यांची सवय.

एकदा भाद्रपदात देवळातून आले ते अंगात ताप घेऊनच. पखवाज खुंटीला टांगला, खोळ घातली आणि आडवे झाले. ते उठले नाहीत.

दहावं-तेरावं झालं. कार्तिकातला उत्सव आला. शेवंती पखवाज घेऊन देवळात बसली. बुवांनी अभंग उचलला, शेवंतीनं उजवा हात टाकला — खणखणीत. डावा टाकला — ठप्प. पुन्हा टाकला — ठप्प. भिजलेल्या पोत्यावर काठी मारावी तसं. बुवा थांबले. “शेवंते, डावा हात झोपलाय काय गो?”

सभामंडपात हशा. तो सगळ्यांत लवकर येतो, नाही का?

मग कारणं सुरू झाली. एक म्हणाला, हवा दमट. दुसरा म्हणाला, कातडं ताणणाऱ्या वाद्या सैल. तिसरा, ज्याला पखवाज कुठून धरायचा हेही माहीत नव्हतं, तो म्हणाला, “बाईमाणसाच्या हाताला वजन कुठून येणार?” असा एक प्रत्येक गावात असतो. इथंही असेल, पण आज आला नसेल.

देवळाचे मानकरी बापू खोत. माणूस वाईट नव्हता. शेवंतीला बाजूला घेऊन म्हणाले, “बाय, उद्याचा दिवस बघू. नाही जमलं तर परवापासून पलीकडच्या गावचा पखवाजी बोलवावा लागेल. मान एकदा तिकडे गेला की परत यायचा नाही. मग मला बोल लावू नकोस.”

शेवंतीनं पखवाजाला खोळ घातली. तिला कारण माहीत नव्हतं का? मला वाटतं, होतं. हाताला आधी कळतं, मग आपल्याला कळतं, आणि कबूल तर त्याच्याही नंतर होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भागीरथीबाई चुलीपाशी डबे पुसत होत्या. एक डबा उघडला, आत बघितलं, बंद केला.

“शेवंते, गव्हाचं पीठ आहे तसंच आहे. काल कशावर वाजवलंस?”

“होती.”

“काय होती?”

“कणीक. बाबांची.”

आई उठल्या. “काढ बघू खोळ.”

शेवंतीनं खोळ काढली. डाव्या तोंडावर ती भाद्रपदातली कणीक. वाळून पांढरी पडलेली, कडेनं तडकलेली. शेवंती रोज तिच्यावर पाणी शिंपडायची, मधली जागा सोडून. कारण मधोमध अंगठ्याचा ठसा होता.

“त्यांचा अंगठा आहे त्यात, आये.”

“दिसतोय की.” आईंनी बोट पुढं केलं, पण टेकवलं नाही.  मग आई म्हणाल्या, “तुझे बाबा घरी आले की आधी पाय धुवायचे, की आधी ही खरवडायचे?”

“आधी ही.”

“भात निवतोय म्हणून मी ओरडायचे. तेव्हा काय म्हणायचे?”

“भात उद्या मिळेल. कातडं गेलं की आवाज गेला.”

“मग? त्या दिवशी ताप होता म्हणून ती राहिली, बाळा. त्यांनी ठेवली नव्हती.”

मंडळी, इथं मी जरा थांबते. कारण शेवंतीही थांबली होती.

मग तिनं ओलं फडकं आणलं आणि त्या कणकेवर ठेवलं. खरवडायचा तिला धीर झाला नाही, म्हणून नुसतं ठेवलं. पाणी हळूहळू मुरलं. फडकं उचललं तेव्हा ठसा पसरला होता, अंगठा कुठला ते कळत नव्हतं. तेवढं झाल्यावर बाकीचं तिनं बोथट पट्टीनं सावकाश काढलं. आईंनी ते परसात नेऊन टाकलं. कोंबड्या धावत आल्या, एकेक चोच मारली आणि निघून गेल्या. आई म्हणाल्या, “घ्या. ह्यांनासुद्धा नको.” आणि दोघी हसल्या. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं होतं.

संध्याकाळ झाली. शेवंती दाराशी गेली आणि जरा अडखळत म्हणाली, “आये, गोळा दे गो.”

गोळा भिजवून तयारच होता.  शेवंतीनं तो डाव्या तोंडावर थापला, आणि न ठरवता मधोमध अंगठा दाबला. खाली बघते तो ठसा, त्याच जागी. थोडा लहान.

देवळात डावा हात पडला तेव्हा बुवांनी मागं वळून पाहिलं. बापू खोतांनी पलीकडच्या गावी निरोप घेऊन निघालेल्या माणसाला हातानंच खूण केली — बस खाली. हाताच्या वजनाबद्दल बोलणारा म्हणाला, “मी म्हणतच होतो, वाद्या सैल होत्या.”

मंडळी, घरी जाल तेव्हा आपापली खोळ काढून बघा. कुणाची पद्धत, कुणाचा शब्द, कुणी केलेलं कौतुक — आपण रोज पाणी शिंपडून जपतो आणि आवाज का येत नाही म्हणून हवेला दोष देतो. ज्यांनी शिकवलं, ते स्वतः रोज खरवडत होते, हे मात्र विसरतो.

या माझ्या झांजेची दोरी वडिलांनी ओवलेली होती. विरली होती, झांज हातात फिरायची. आज सकाळी मी नवी ओवली.

रघुनाथराव, कणीक ओली आहे ना? मग द्या ठेका. सगळ्यांनी नाव घ्या, मोठ्यानं.